दोन डाव्या बाजू

ताईनं कात्री खाली ठेवली आणि कापलेले दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पसरले. दोन्ही डाव्या बाजूच निघाल्या होत्या.

चौकड्यांचं लोकरी कापड. असलं कापड दुमडून कापलं तर चौकड्या जुळत नाहीत, म्हणून कोटाची पुढची एकेक बाजू वेगळी कापायची. एक झाली की कागदाचा नमुना उलटा करायचा आणि मग दुसरी. नव्या शिकणाऱ्या पोरींकडून ती हे घोकून घ्यायची. आणि आज तिनंच नमुना न उलटता तसाच पुढं सरकवला होता, खडूनं आखला होता आणि बिनदिक्कत कात्री चालवली होती. कापड तरी कसलं, तर बँकेतल्या बाईंनी लांबून आणलेलं, जेमतेम कोटापुरतं.

"ताई, माझ्या जावेनं काल काय केलं माहितीये?" खिडकीपाशी काजं करत बसलेली रेडिओ विचारत होती. तिचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. सकाळी आली की सुरू व्हायची, ती दुकानाला कुलूप लागेपर्यंत. "पाहुण्यांसमोर मला म्हणते, तुम्ही जरा कमी बोला. मी? कमी बोलू? मी म्हटलं, बाई गं, मग तू बोल, मी ऐकते. तर तिला एक वाक्य सुचेना!"

"हं," ताई म्हणाली आणि एक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला. बसायला नको होता.

रिपोर्ट सोमवारी आला होता. डावा स्तन काढला त्याला बरीच वर्षं झाली. मग तो आजार हाडांत परत आला, आणि तेव्हापासून रोजच्या गोळ्या, दर महिन्याचं इंजेक्शन आणि अधूनमधून रक्ताची ती तपासणी. त्यात एक आकडा येतो. ट्यूमर मार्कर म्हणतात. तो खाली गेला की घरात सगळे मोकळा श्वास घेतात. या वेळी तो ओळीनं तिसऱ्यांदा वर गेला होता.

डॉक्टर म्हणाले, "एकट्या आकड्यावरून आपण काही ठरवत नाही. स्कॅन करून बघू." घरच्यांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं.

"मग झालं तर!" नवरा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. नणंदेनं फोन करून सांगितलं, वहिनी, तुम्ही नुसत्या हसत राहा बघू. परगावच्या मुलानं कळवलं, आई, तू फायटर आहेस. बरं बाबा, आहे. पण त्या फायटरला घास गिळवत नाही, हे सांगायचं कुणाला? प्रेमच होतं ते सगळ्यांचं, तिला का कळत नव्हतं! पण एकानंही विचारलं नाही, किती आला?

जिचा जन्म आकड्यांत गेला तिला म्हणे आकड्याचं काय एवढं! अर्धा इंच चुकला तर गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

तिनं तो आकडा तोंडानं एकदाही उच्चारला नव्हता. फक्त काल दुपारी, रेडिओ चहा सांगायला खाली गेली तेव्हा, टेपची सेंटिमीटरची बाजू वर करून एक टोक खांद्याला लावलं होतं. पहिल्या वेळचा आकडा कमरेच्या जरा खाली आला, दुसरा मांडीवर. परवाचा बघायला तिला वाकावं लागलं. तो गुडघ्याच्याही खाली गेला होता. टेप तशीच धरून ती उभी राहिली, आणि जिन्यात पावलं वाजली तशी घाईघाईनं गुंडाळून ठेवली.

दार वाजलं. शाळेतल्या एक शिक्षिका जाकिटाची मापं द्यायला आल्या होत्या. ताईनं टेप गळ्यात घातली, रेडिओनं खडू आणि पाटी घेतली. या दुकानाची रीतच होती: एकीनं माप मोठ्यानं सांगायचं, दुसरीनं ते परत म्हणून मगच लिहायचं, आणि पहिलीनं 'बरोबर' म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. तेवढ्यापुरती रेडिओसुद्धा दुसरं अवाक्षर बोलत नसे.

"खांदा चौदा."

"चौदा."

"बरोबर. बाही बावीस."

"बावीस."

"बरोबर."

शिक्षिका गेल्या. रेडिओनं पाटी ठेवली आणि जावेची गोष्ट जिथं सोडली होती तिथून उचलली. बोलता बोलताच ती टेबलापाशी आली. "बाईंच्या कोटाच्या पुढच्या बाजू द्या, काजांच्या खुणा करून ठेवते. तर ती काय म्हणाली..."

तिनं वरचा तुकडा उचलला. मग खालचा. आणि गप्प झाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तो आवाज ऐकू आला. एरवी या दुकानात रस्त्याचा आवाज कधी ऐकू येत नसे.

ताईच्या सगळ्या कुडत्यांना डावीकडून आतल्या बाजूनं मऊ भरलेली घडी होती, कुणाला कळणार नाही अशी. ती रेडिओनंच शिवून दिली होती, आणि एवढी बोलकी बाई, पण त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढला नव्हता.

"माझं लक्ष नव्हतं गं," ताई म्हणाली. "बाईंना मी सांगते. काहीतरी करू."

रेडिओनं तुकडे खाली ठेवले. समोरचं स्टूल ओढून बसली.

"सोमवारी रिपोर्ट होता ना तुमचा?"

"हो."

आता ही म्हणणार, काही होत नाही ताई, देवावर सोडा. ताईनं खडूची भुकटी हातानं एका जागी गोळा करायला घेतली.

"किती आला?"

ताईचा हात थांबला.

"एकशे बारा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"एकशे बारा," रेडिओ म्हणाली. "त्याच्या आधी?"

"एकाहत्तर."

"एकाहत्तर. आणि त्याच्याही आधी?"

"अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस."

रेडिओ थांबली. पुढं काही म्हणेना, नुसती बघत राहिली. तेव्हा कुठं ताईच्या ध्यानात आलं, की आता आपण बोलायचं आहे.

"बरोबर," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. सोमवारपासून दाबून ठेवलेलं सगळं त्या लोकरी कापडाशेजारी बाहेर पडलं. रेडिओनं तिला गप्प राहा म्हटलं नाही. फक्त डोळ्यांचं पाणी पडू नये म्हणून कापड जरा बाजूला सरकवलं.

बऱ्याच वेळानं तिनं उरलेलं कापड उलगडलं, टेबलावर सारखं केलं आणि कागदाचा नमुना उलटा करून त्यावर ठेवला. एका कोपऱ्यात तो थोडा बाहेर जात होता.

"इथं जोड द्यावा लागेल," ती म्हणाली. "बगलेखाली जाईल. दिसणार नाही."

"चौकडी जुळवून घे," ताई नाक पुसत म्हणाली.

"घेते. स्कॅन कधी आहे?"

"शुक्रवारी. सकाळी दहाला."

रेडिओनं खडू उचलला.

"शुक्रवारी, सकाळी दहाला," ती म्हणाली, आणि ताईच्या तोंडाकडे बघत थांबली.