गावाचं गाळणं

आमच्या गावात सगळ्यांना मिळून धडधाकट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एकच होता, आणि तो कुठल्याही ट्रकखाली नसायचा. पान्देलीस मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये संत निकोलासच्या तसबिरीशेजारी खुंटीला टांगलेला असायचा. नाव जिभेला वळत नाही म्हणून आम्ही त्याला गाळणं म्हणतो. इंजिनाचा धूर त्यातून गाळून बाहेर पडतो, एवढंच आम्हाला कळतं. अर्काडियाच्या या डोंगरात अजून काही जुने छोटे ट्रक धावतात, सगळे एकाच बनावटीचे, जुनं नाणं ड्राख्मा चालायचं तेव्हा घेतलेले. त्यांची स्वतःची गाळणी कधीच पोकळ झालीत. ट्रकला चढावर धाप लागायला लागली की मिस्त्री गाळणं काढतो, सळई घालून आतली जाळी फोडतो आणि रिकामा डबा पुन्हा बसवून देतो. सरकारी तपासणी आली की खुंटीवरचं गाळणं त्या ट्रकखाली जायचं, ट्रक पास व्हायचा आणि गाळणं परत खुंटीवर यायचं. गावातल्या सगळ्या नवरदेवांनी एकाच कोटात लग्नं लावावीत तसं.

आमच्या ट्रकचं गाळणं मात्र बाबांनी कोणाला फोडू दिलं नव्हतं.

भाजीपाला घेऊन डोंगरातल्या गावांत फिरायचा धंदा बाबांचा. आता फेरी मी करते. आधीचा ट्रक होता तेव्हा पुढे बाबा आणि भोंगा, मागे क्रेटांच्या मधोमध तराजू घेऊन आई, आणि शाळेला सुट्टी असली की आईच्या पायाशी मी. गल्ल्या अरुंद, उतरायला जागा नाही, म्हणून ती बसल्या जागेवरूनच माल द्यायची. माडीवरच्या खिडक्यांतून दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली यायच्या, त्यात ती वांगी टाकायची आणि वरच्या बाईला ओरडून सांगायची, "तुझ्या सासूला सांग, मागच्या खेपेची काकडी कडू नव्हती, तिची जीभ कडू आहे!" सगळी गल्ली हसायची. त्या ट्रकचा काळा धूर मात्र सरळ तिच्या तोंडावर यायचा. घरी आली की ती बटाट्याच्या कच्च्या चकत्या कपाळावर ठेवून त्यावरून फडकं आवळायची आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. आम्ही चमचासुद्धा वाजवायचो नाही.

मग बाबांनी हा ट्रक घेतला. शहरात विकणाऱ्याने सांगितलं होतं, याच्या पोटात गाळणं आहे, धुराला वासच नाही. बाबांनी बाकी काही विचारलं नाही, रंगसुद्धा नाही. म्हणून आमचा ट्रक असा पित्त पडल्यासारखा हिरवा आहे. चौकातल्या कॅफेसमोर त्यांनी तो उभा केला, इंजिन चालू ठेवलं, आणि गावातले मिशीवाले बाप्ये एकामागून एक वाकून सायलेन्सरच्या तोंडाचा वास घेऊन गेले. शेवटी आई वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती. उठली आणि म्हणाली, "थ्रासो, तुझ्या दाढीच्या साबणापेक्षा बरा आहे." बाबांनी सगळ्या कॅफेला त्सिपुरोची दारू पाजली.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा चौऱ्याऐंशींचे. संध्याकाळी द्राक्षवेलीखाली बसून विचारतात, आज वर कोण कोण ट्रकपाशी आलं? मी नावं सांगते. नावं कमी कमी होत चाललीत.

यंदा उन्हाळा सरता सरता ट्रकला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. आधी मी मागच्या अंड्यांच्या ट्रे तपासल्या. मग चढाला जोर लागेना. सगळ्यात वरचं गाव आनो-केरासिया. तिथल्या शेवटच्या वळणावर मी पहिल्या गियरमध्ये रडतरखडत होते, तेव्हा रस्ता ओलांडणाऱ्या कासवाने थांबून माझ्याकडे पाहिलं. तिथे आता म्हाताऱ्याच उरल्यात, दुकान नाही. ब्रेड, टोमॅटो, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं माझ्या ट्रकने जातं. तपासणी तोंडावर आली होती. ट्रक नापास झाला की नंबरपाट्या काढून घेणार, आणि फेरी बंद.

पान्देलीसने ट्रक वर उचलला आणि रबरी हातोडीने गाळण्याला टोला दिला. आत खुळखुळलं.

"जाळी तुटून अडकलीय, सेनी. धुराला बाहेर पडायला वाटच नाही. नाक-तोंड दाबून तो चढ चढून बघ, म्हणजे कळेल."

"मी नाक-तोंड उघडं ठेवूनही चढत नाही. उपाय सांग."

"उपाय सगळ्या गावाला माहितीय. फोडतो. तपासणीला खुंटीवरचं लावू."

"आणि बाबा?"

"थ्रासोसकाकांना सांगायचं कशाला? बाहेरून डबा तोच दिसतो."

"त्यांचे डोळे अधू झालेत, मिस्त्री. नाक शाबूत आहे."

तेवढ्यात आमचे पाद्री, पापा-स्टाथिस, झगा सावरत आत आले. त्यांच्या ट्रकची तपासणी होती, खुंटीवरच्या गाळण्यासाठी आता त्यांचा नंबर होता. आणि त्यांच्या मागून काठी टेकत बाबा. गावात काही लपत नाही; ट्रक लिफ्टवर चढायच्या आत बातमी वेलीखाली पोचली होती.

बाबा खाली वाकू शकत नाहीत, म्हणून पान्देलीसने गाळणं सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते हलवून पाहिलं. एक राखाडी ठिकरी त्यांच्या पँटवर पडली. ती चिमटीत धरून ते म्हणाले, "फोड."

इतके दिवस मला हेच तर हवं होतं.

"मागे आता कोण बसतं, पोरी? बटाटे. बटाट्यांचं काही डोकं दुखत नाही."

पान्देलीसने सळई उचलली. आणि माझ्या डोळ्यांपुढे आनो-केरासियाचा चौक आला. तिथे मी इंजिन कधी बंद करत नाही, कारण तापलं की ते पुन्हा चालू होत नाही. म्हाताऱ्या ट्रकच्या मागच्या फळीपाशी दाटीवाटीने उभ्या, हात टोमॅटोत, आणि आर्गिरो मावशी कमरेत इतकी वाकलेली की तिचं नाक सायलेन्सरपासून हातभरावर.

"थांब," मी म्हटलं. "मागे आर्गिरो मावशी असते."

"मग इंजिन बंद कर ना तिथे!"

"आणि चालू कोण करणार? तू येशील ढकलायला?"

पाद्रीबाबांनी दाढी खाजवली. "खुंटीवरचं हिलाच देऊन टाक."

"म्हणजे?" पान्देलीस उसळला. "बाकीच्यांनी काय करायचं?"

"मला आज दे. मग हिच्या ट्रकला बसव आणि तिथेच राहू दे. कोणाची तपासणी आली तर तेवढ्यापुरतं काढ. रोज खाली येतेच की ही."

"दर वेळी ते गंजलेले नट सोडवायचे? दोन तरी तुटतातच! आणि हिचं इंजिन तेल पितं. त्या तेलानेच हे गाळणं मेलं. चांगलं लावलं तर तेही मरेल."

"मग आधी त्याचं पिणं सोडव."

"तो तुमचा धंदा, पाद्रीबाबा."

"मला जमलं असतं तर माझ्या मेव्हण्याचं सोडवलं नसतं का? तू इंजिनाचं बघ."

पान्देलीसने सळई बाकावर आपटली, म्हणजे कबूल झालं. इंजिन उघडून तेलाची झिजलेली सील बदलताना मात्र तो सगळा वेळ पुटपुटत होता. शिव्या पाद्रीबाबांना होत्या की ट्रकला, मी विचारलं नाही.

खुंटीवरचं गाळणं आमच्या ट्रकखाली बसलं आणि तपासणीत ट्रक पास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तर बाबा टोपी घालून पुढच्या सीटवर बसलेले. वर जायचं त्यांनी आईनंतर सोडलं होतं. शेवटच्या वळणावर ट्रक तिसऱ्या गियरमध्ये चढला, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर एकदा हात फिरवला. बंद खिडक्या एकेक करून जात होत्या. ते प्रत्येकीमागे राहून गेलेल्या माणसाचं नाव घेत होते, हळू, हजेरी घ्यावी तसं.

चौकात म्हाताऱ्या जमल्या.

"थ्रासो?" आर्गिरो मावशीने मान वाकडी करून वर पाहिलं. "तू अजून आहेस?"

"तू आहेस का ते बघायला आलो."

मी हात दिला, पण तो नाकारून बाबा स्वतःच उतरले, फळीला धरत धरत मागे गेले आणि तराजू हातात घेतला. इंजिन चालूच होतं. मी आरशात बघत होते. ते म्हाताऱ्यांच्या घोळक्यात उभे राहिले, दोन लांब श्वास घेतले, आणि कोणालाही न उद्देशून म्हणाले, "उभं राहवतं की इथे."

"मग उभा राहा," आर्गिरो मावशी म्हणाली, "आणि मला खालचे टोमॅटो काढून दे. वरचे तुझ्या पोरीने दाबून दाबून मऊ केलेत."