पिशवीवाल्यांची लस

ओल्ट नदीकाठच्या त्या रोमानियन खेड्यात साथीच्या दिवसांत लस घेण्याची एक सोज्वळ रीत पडली होती. सर्टिफिकेट हवं पण लस नको, अशाने नर्स सवेताच्या टेबलावर मुकाट्याने खाण्यापिण्याची पिशवी ठेवायची. मग त्याच्या दंडात मिठाचं पाणी आणि लस बेसिनमध्ये. रिकाम्या हाताने येईल त्याला खरी लस. विचारायचं कुणी नाही, सांगायचं कुणी नाही. सभ्य माणसं होती सगळी! गावात सर्वांत जास्त लस पचवली ती त्या बेसिनने, आणि त्याला साधा तापही आला नाही.

म्हातारी वार्वारा मुलाला घेऊन आली. मुलगा ग्लिगोर म्हणजे गुत्त्यातला पुढारी. "माझ्या अंगात माझ्या मर्जीविना थेंब जाणार नाही!" असं टेबल बडवून सांगणारा. इटलीत कामाला जायचं म्हणून सर्टिफिकेट मात्र हवं होतं. आईच्या पिशवीत भाजलेलं बदक होतंच. त्यात दोघांचं भागेल, असं त्या चिक्कू पोराला वाटलं. सवेताने बदक घेतलं, म्हातारीला पाणी टोचलं आणि हात हलवत आलेल्या ग्लिगोरला लस.

"सुटले गं बाई," बाही खाली करत म्हातारी म्हणाली. "वर्षभर भीतीने घरात कोंडून घेतलं. आता पणतीला मांडीवर घेईन."

सवेताने पिशवीकडे बोट दाखवलं. "आजी, मग बदक कशाला आणलंत?"

"दवाखान्यात रिकाम्या हाताने जातात होय? आम्हाला वळण आहे."

गप्प बसावं तर म्हातारी उद्या घरोघर हिंडणार. बोलावं तर नोकरी जाणार, वर तुरुंग. सवेताला स्वतःची लाज वाटली. "आजी, पुन्हा बसा. तुम्हाला नुसतं पाणी टोचलंय."

"आणि मला?" ग्लिगोर उडालाच.

"तुला खरी."

"मला न विचारता? माझं शरीर आहे! कोर्टात खेचीन!"

"गप रे!" म्हातारी कडाडली. "आणि माझं काय लाकडाचं आहे? तुला न विचारता औषध मिळालं, मला न विचारता पाणी. मरणार मी, आणि बोंब तू मारतोस?"

दाराबाहेरच्या रांगेत ज्याने त्याने आपली पिशवी पाठीमागे सरकवली.

सवेताने नवी सुई भरली. "आजी, ही खरी लस. दोन दिवस दंड दुखेल, कदाचित ताप येईल. टोचू?" इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

म्हातारीने सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो म्हणायला तुझ्यावर विश्वास हवा ना, पोरी," ती म्हणाली, आणि शहरात लस घ्यायची म्हणून बस धरायला निघून गेली.