पेलिकन्सचा अर्धा हंगाम

नोलीन प्राउस दर जानेवारीत मकाय गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर जाऊन पेलिकन्सबद्दल बोलायची. पेलिकन्स म्हणजे गावाचा बायकांचा बास्केटबॉल संघ. देशाच्या लीगमध्ये खेळणारा, आणि बहुतेक वर्षी तळाशी बसणारा. अर्धा हंगाम सरला की एका शनिवारी सकाळी नोलीनसमोर माईक यायचा. संघाचं कुठे बिनसलं, कुठे जमलं, हे ती सांगायची आणि शेवटी म्हणायची, "काळजी करू नका, यंदा आपण बाद फेरीत जातोय." पेलिकन्स बाद फेरीत एकदाही गेले नव्हते. तरी लोक ऐकायचे. जानेवारी म्हणजे तिकडे भर उन्हाळा. ऊसतोड संपलेली, उकाड्याने जीव नकोसा झालेला, सुट्टी लागलेली मुलं घरात धुडगूस घालतायत, अशा दिवसांत नोलीनचं बोलणं कानावर पडलं की माणसाला बरं वाटायचं.

यंदा मात्र तिच्या घरातच एक पेलिकन उतरलेली होती. किएरा मॅब्री, अमेरिकेतल्या अर्कान्सासची. संघाने मोठ्या आशेने आणलेली परदेशी खेळाडू. क्लबने विचारलं, कुणी घरी ठेवून घेईल का, आणि नोलीनचा नवरा मर्व्ह नको म्हणायच्या आत नोलीन हो म्हणून मोकळी झाली होती. किएरा खांबांवरच्या त्यांच्या लाकडी घराच्या मागच्या खोलीत राहायची, अंड्यांवर लालभडक तिखट सॉस ओतून खायची, नोलीनला "मिस नोलीन" म्हणायची आणि मर्व्हला "सर". मर्व्हला उभ्या जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. महिनाभरात तो तिच्यासाठी रोज सकाळी आंबे चिरायला लागला.

पण किएराचा खेळ काही उमलेना. ढिगाने गुण करेल म्हणून आणलेली मुलगी, सामन्यामागून सामन्यात चुकत होती. अर्ध्या हंगामात पेलिकन्सनी चार सामने जिंकले होते, सात हरले होते. बेकरीत, पेट्रोल पंपावर, जिथे तिथे लोक म्हणत होते, "अमेरिकेहून आणलेलं नाणं खोटं निघालं. आपली टीगन आहे म्हणून चार तरी जिंकलो."

टीगन झॅमिट कर्णधार होती. गावाबाहेरच्या, मूळ माल्टा बेटावरून आलेल्या ऊसवाल्यांची पोर. नोलीन शाळेची बस चालवायची तेव्हा टीगन मांडीवर बॉल घेऊन पुढच्याच सीटवर बसायची. आता तिशी ओलांडून चार वर्षं झाली होती, पण संघाची सूत्रं तिच्याच हातात. बॉल पुढे ती आणणार, कुणाला द्यायचा ते ती ठरवणार. नोलीनच्या फ्रिजवर स्वतःच्या नातवंडांच्या फोटोंशेजारी टीगनचा फोटो होता.

रेडिओच्या आधीच्या आठवड्यात नोलीनने नेहमीप्रमाणे दुपारभर पंख्याखाली बसून जुने सामने पुन्हा पाहिले. आजवर ती सामना बघायची म्हणजे टीगनला बघायची. डोळ्यांना तीच सवय. या वेळी घरात राहणारी पोर पडद्यावर दिसली, म्हणून डोळे तिच्यामागे गेले. बॉल किएराच्या हातात नसताना ती काय करते, हे नोलीन पहिल्यांदाच बघत होती.

किएरा पळत होती. समोरचीला अडवून उभ्या राहिलेल्या सोबतिणीमागून निसटून मोकळी होत होती, हात वर करत होती. बॉल येत नव्हता. ती पुन्हा पळायची, पुन्हा मोकळी व्हायची. तिकडे टीगन मात्र जागच्या जागी बॉल आपटत उभी. बॉल फेकायला दिलेली सेकंदं संपत आली, की मग अगदी शेवटच्या क्षणी बॉल किएराकडे यायचा, तोवर तिच्या अंगावर दोघीजणी चढलेल्या असायच्या. ती घाईने फेकायची आणि चुकायची. गावाला तेवढंच दिसत होतं, तिने फेकलं आणि चुकलं.

नोलीनने दुसरा सामना लावला. तेच. तिसरा लावला. तेच.

"मर्व्ह," ती म्हणाली, "हे बघ जरा."

मर्व्हने बघितलं. मग म्हणाला, "टीव्ही बंद कर आणि विसरून जा. नाहीतर या गावात आपल्याला पाव मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला नोलीनने किएराला सरळ विचारलं, "टीगन तुला बॉल वेळेवर का देत नाही गं?"

किएराने काटा खाली ठेवला. "मिस नोलीन, माझी आई म्हणायची, दुसऱ्याच्या घरी राहायला गेलीस की तिथलं सामान हलवू नकोस."

"हे काय उत्तर झालं?"

"टीगन चांगली आहे. मला पहिल्या दिवशी विमानतळावर तीच न्यायला आली होती. मी बोलणार नाही." आणि तिने अंड्यांवर आणखी सॉस ओतला.

नोलीनला त्या दिवशी जेवण गेलं नाही. रेडिओवर गोलगोल बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं. "संघाची लय अजून सापडायचीय" म्हटलं की झालं. पण किएराचा करार मार्चपर्यंतचाच होता, आणि त्या आधीच तिला घरी पाठवा म्हणणारे वाढत चालले होते. एवढं सगळं डोळ्यांनी बघून गप्प बसायचं, आणि रोज सकाळी त्या पोरीच्या समोर बसून चहा प्यायचा, हे नोलीनला जमण्यातलं नव्हतं. पण टीगनच्या पाठीमागे बोलणंही जमण्यातलं नव्हतं. शुक्रवारी ती गाडी काढून झॅमिटांच्या शेतावर गेली.

टीगन शेडमध्ये पाण्याचा पंप उघडून बसली होती. कोपरापर्यंत वंगण. "अरे वा, बसवाल्या बाई!" ती ओरडली. "आज इकडे कुठे रस्ता चुकलीस? आई चीज भरून पास्तित्सी भाजतेय, थांबणार आहेस ना?"

"आधी ऐकून घे. मग ठरव मला खायला घालायचं की नाही."

नोलीनने सांगितलं. जसं दिसलं तसं, न सजवता. तू बॉल फार वेळ धरतेस. किएरा मोकळी असते तेव्हा देत नाहीस. पूर्वी तू दोन पावलांत पुढची फळी फोडायचीस, आता फुटत नाही, म्हणून तू थांबतेस, आणि तू थांबलीस की सगळा संघ थांबतो. सुरुवातीला बॉल किएराकडे दे. पुढे तिला आणू दे, तू नंतर बेंचवरून ये.

टीगनने हातातला पाना पंपावर आपटला. "हे तू सांगतेयस? तू?"

"मीच सांगतेय."

"ती तुझ्या घरी राहते म्हणून! दोन महिने तुला सकाळी गुड मॉर्निंग म्हटलं तर लगेच मी म्हातारी झाले?"

"ती घरी राहते म्हणून मी तिच्याकडे बघितलं, हे खरं. पण जे दिसलं ते घरी राहत नसती तरी तसंच होतं."

"सगळं गाव म्हणतंय ती चालत नाही. सगळं गाव आंधळं, आणि तुला तेवढं दिसतं?"

"मीही इतकी वर्षं आंधळीच होते, टीगन. तुझ्याशिवाय मला मैदानावर कुणी दिसतच नव्हतं."

टीगन उठली. नळाखाली हात धुवायला लागली, आणि धूत राहिली. वंगण निघत नव्हतं. पाठमोरीच म्हणाली, "उद्या रेडिओवर हे बोलणार आहेस?"

"बोलावं असं वाटतंय. तू नको म्हणालीस तर..."

"माझी परवानगी मागायला आलीस होय? ती मिळणार नाही." मग वळली. डोळे लाल झाले होते. "पण बोललीस तर नाव घेऊन बोल. 'काही जुन्या खेळाडू' वगैरे म्हणालीस ना, तर आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही. आता जा. आईला सांगते तुला घाई होती."

शनिवारी नोलीन माईकसमोर बसली आणि नाव घेऊन बोलली. टीगनने या गावाला काय दिलं तेही सांगितलं. मग म्हणाली, "आणि म्हणूनच तिला खरं ऐकायचा हक्क आहे. माझ्या मते सुरुवातीला बॉल किएराने आणावा, टीगनने बेंचवरून नंतर यावं. तसं झालं तर या संघात अजून पुष्कळ जीव आहे."

लगेच फोन खणखणायला लागले. पहिलाच माणूस म्हणाला, "पाहुणीसाठी घरची पोर विकलीस, नोलीन!" दुसऱ्या बाईने तिला आधी स्वतःचा चष्मा बदलून घ्यायला सांगितलं. तिसऱ्याने नुसतंच "लाज वाटू दे" म्हणून फोन ठेवला. निवेदकाने घाईघाईने हवामान लावलं.

ती घरी आली तेव्हा मर्व्ह पायऱ्यांवर बसला होता. "बोल्सच्या क्लबातून निरोप आलाय," तो म्हणाला. गावातले म्हातारे हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवायचे, तो क्लब. "मंगळवारी माझ्या जोडीला कुणी नाही."

"तुला राग आला का?"

"मी एकटा जास्त चांगला खेळतो," मर्व्ह म्हणाला आणि थोडा सरकून त्याने तिला बसायला जागा दिली.

गावाचा राग ती धरूनच चालली होती. किएराचा राग मात्र तिच्या हिशेबात नव्हता. ती सरावावरून आली ती दार आपटत.

"मिस नोलीन, हे काय केलंत तुम्ही? मी काही मागितलं होतं? आता मला त्या मुलींबरोबर कपडे बदलायचेत, विमानात बसायचंय. सगळ्यांना वाटतंय मीच तुमच्याकडून हे वदवून घेतलं!"

"मी टीगनला आधी सांगून आले होते, पोरी."

"टीगनला सांगितलंत. मला सांगितलंत?"

किएरालाही आधी सांगावं, हे नोलीनच्या मनातही आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "ते चुकलं माझं."

आठवडाभर किएरा कामापुरतं बोलली. मर्व्ह आंबे चिरत राहिला आणि ती ते खात राहिली, तेवढंच समाधान.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना होता. समोर दक्षिणेकडचा, तक्त्यात सगळ्यात वर असलेला संघ. नोलीन जावं की न जावं करत शेवटी गेली आणि नेहमीच्या जागेवर बसली. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मर्व्ह बाहेरून पावात गुंडाळलेले कांदा-सॉसेज घेऊन आला आणि एका बाजूला बसला. दुसरी रिकामीच राहिली.

सुरुवातीच्या पाच जणींची नावं पुकारली गेली. त्यांत टीगन नव्हती.

सभागृहात कुजबुज उठली, आणि शे-दोनशे माना नोलीनकडे वळल्या. टीगन अंगात जाकीट घालून बेंचवर बसली होती, कुणाकडेही न बघता. प्रशिक्षक लिनेटचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर कळलं, तिने हे ठरवलंच नव्हतं. टीगननेच गुरुवारी सरावानंतर तिला सांगितलं होतं, "एकदा करून बघ. नाही जमलं तर त्या म्हातारीला मी सोडणार नाही."

पहिला क्वार्टर म्हणजे फजिती होती. किएरा बॉल पुढे आणत होती, पण तिचा पास कुणी ओळखत नव्हतं. बॉल बाहेर जात होता. पेलिकन्स बारा गुणांनी मागे पडले. मागून कुणीतरी ओरडलं, "नोलीन, आता तूच उतर मैदानात!" लोक हसले. नोलीनने सॉसेज खाली ठेवलं.

टाइमआउट झाला. घोळक्यात लिनेट बोलत होती, पण नोलीनची नजर टीगनवर होती. टीगन बेंचवरून उठली, किएराचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि आपल्या तळहातावर बोटाने काहीतरी आखून दाखवलं. किएराने मान हलवली, नाही. टीगनने पुन्हा आखलं, जोराने. या वेळी किएराने त्याच तळहातावर आपलं बोट ठेवून दुसरीच रेघ ओढली. टीगन क्षणभर बघत राहिली आणि मग तिने मान डोलवली.

त्यानंतर बॉल फिरायला लागला. किएरा आणायची, द्यायची, निसटायची, आणि बॉल परत तिच्या हातात यायचा, ती मोकळी असताना. एक गेला. दुसरा गेला. तिसरा लांबून मारला तो जाळीला नुसता स्पर्श करून गेला. मधल्या सुट्टीपर्यंत अंतर चारवर आलं होतं, आणि मघाचा ओरडणारा माणूस आता किएराचं नाव घेऊन ओरडत होता.

तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर टीगनने जाकीट काढलं. अख्खं सभागृह उभं राहिलं. नोलीनही राहिली. टीगन आत गेली, पण बॉल आणायला नाही गेली. थेट कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. किएरा आत घुसली, तिघी तिच्यावर धावल्या, आणि तिने न बघता कोपऱ्यात बॉल फेकला. टीगनच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. तिने मारला. आत. पुढच्या खेपेला पुन्हा तोच कोपरा, पुन्हा आत. इतकी वर्षं सगळ्यांसाठी रस्ता काढणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच रस्ता मोकळा करून दिला होता. शेवटच्या मिनिटात थोडी धाकधूक झाली, पण पेलिकन्स पाच गुणांनी जिंकले.

मर्व्हने टोपी हवेत उडवली. ती कुणाच्या तरी बिअरमध्ये पडली.

मुलांना सह्या देत देत टीगन नोलीनपाशी आली. "खूश?"

"तू?"

"मी अजून चिडलेलीच आहे." तिने घाम पुसला. "आणि एक सांगते. बेंचवर बस म्हणालीस ते ठीक. पण कोपऱ्यातून मार, हे तुला सुचलं नाही. ते त्या पोरीला सुचलं. तुझा अभ्यास कच्चा आहे."

"पुढच्या वर्षी सांगेन रेडिओवर."

"पुढच्या वर्षी मी स्वतः येणार आहे तुझ्या शेजारी बसायला. एकटीला सोडायची नाही तुला." ती हसली नाही, पण निघताना तिने नोलीनच्या खांद्यावर थाप मारली, जरा जोरातच.

रविवारी दुपारी घराखाली झॅमिटांची गाडी येऊन थांबली. टीगन आत आली नाही, गाडीच्या खिडकीतूनच हाक मारली, "मॅब्री! चल, आईने जेवायला बोलावलंय. येताना तो तुझा लाल सॉस आण, तो एवढा तिखट असतो यावर बाबांचा विश्वासच नाहीये."

किएरा बाटली घेऊन पायऱ्या उतरली. अर्ध्यात थांबून वर बघत म्हणाली, "मिस नोलीन, तुम्ही?"

"तिला नाही," टीगन खालून म्हणाली. "आई म्हणते, नोलीन अजून दोन आठवडे तरी नको. मग बघू."

"दोनच?" नोलीनने विचारलं.

"तिसऱ्या आठवड्याचं आई आज जेवणानंतर ठरवेल. पास्तित्सी चांगल्या झाल्या, तर तिचा राग उतरेल."

गाडीत दोघींचं बोलणं लगेच सुरू झालं. गाडी वळायच्या आत किएराने डाव्या हाताच्या तळव्यावर काहीतरी आखलं, आणि टीगनने स्टीअरिंग सोडून ते पुसल्यासारखं केलं. नोलीनला त्या जेवणाला जावंसं फार वाटलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती कठड्याला टेकून उभी राहिली. आत मर्व्ह ताटं मांडत होता.

"कोंबडी थंडच खायची की गरम करू?" त्याने विचारलं.

"गरम कर," ती म्हणाली. "आज भूक लागलीये मला."