माझ्या काचेवर आजी बोलल्या

मित्रांनो, ‘मला एकदा बंद करून पुन्हा सुरू करा’ असं मी आठवडाभर सांगत होते. एका बाळाची आई यायची, कडेवरचं बाळ सावरत मोकळ्या हाताने ‘नंतर’वर टिचकी मारायची आणि निघून जायची. संगणकाचंच शिक्षण देणाऱ्या संस्थेत माझं हे गाऱ्हाणं मी न्यायचं तरी कुणाकडे?

मी एक जुनी बातम्यांची पाटी आहे. खडूची नव्हे हं, विजेवर चालणारी, काचेची. कारखान्यातून खोक्यात बसून विद्यापीठाच्या या संस्थेत आले तेव्हा माझं केवढं कौतुक! दारासमोरची मानाची जागा मिळाली. कुणाचं संशोधन छापून आलं, कुणाचं व्याख्यान कधी, सगळं आधी मला कळायचं. मग बातम्या मोबाइलवर जाऊ लागल्या. माना खाली गेल्या नि माझ्या काचेवर धूळ बसली. तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर माझी नजर असायचीच. कोण उपाशी आलंय, कोण रडून आलंय, मला चेहऱ्यावरून कळतं. काळजी करायची खोडच आहे मला.

बाळाची आई इथली संशोधक. अर्धांगवायूनंतर ज्यांचं बोलणं कुणाला कळत नाही, त्यांचे बोल ओळखून लिहून दाखवणारा प्रोग्रॅम तिने केला होता. त्यासाठी अशाच एक आजी नेमाने येऊन आपलं बोलणं रेकॉर्ड करून देत. संशोधन-दिनी त्या सगळ्यांसमोर बोलणार होत्या. पण ऐन सकाळी खालच्या सभागृहातले दिवे गेले आणि कार्यक्रम वरच्या मजल्यावर हलला. मुलांना मोबाइलवर कळलं; आजींसाठी बातमी माझ्यावर लावली.

आणि नेमकी तेव्हाच मी निळी पडले! ‘अपडेट सुरू आहे, थांबा.’

आजी आणि त्यांची सून अंधाऱ्या सभागृहात डोकावून माझ्यासमोरच्या बाकावर टेकल्या.

“रद्द झालेला दिसतोय कार्यक्रम. चला आई, घरी.”

आजी काहीतरी बोलल्या.

“पाणी हवंय?”

आजींनी कपाळावर हात मारला. सुनेने त्यांना हाताला धरून उठवलं. माझा जीव नुसता टांगणीला! त्या गेल्या, तर वर दाखवायचं काय?

तेवढ्यात धडधडत जिना उतरून बाळाची आई आली. “अहो आजी, निघालात कुठे? वर सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत!”

आजींनी जिन्याकडे पाहिलं आणि बाकावर चांगली फतकल मारली.

“खरंय, चुकलंच माझं. तुम्ही नका चढू. आम्हीच येतो खाली!”

खुर्च्या डोक्यावर घेऊन सगळी वरात उतरली. माझंही अपडेट संपलं. बाळ सुनेच्या मांडीवर गेलं, लॅपटॉपची वायर मला जोडली आणि आजी माइकमध्ये बोलल्या. लोकांना नुसते हुंकार ऐकू आले. माझ्यावर मात्र अक्षरं उमटली:

‘सूनबाई, चहात साखर फार घालतेस.’

“अगंबाई!” सून किंचाळलीच. “तुम्ही कपाकडे बोट दाखवायचात, मला वाटायचं, अजून हवी!”

हसण्याने छत उडायची वेळ आली. संचालकांचा तर चष्माच घसरला. आजी हसत हसत पुन्हा बोलल्या.

‘पण माझे केस छान विंचरतेस. सांगायचं राहिलं होतं.’

सुनेने बाळाच्या दुपट्यालाच डोळे पुसले.

मी जुनी आहे. उद्या माझ्या जागी नवी पाटी येईल, येऊ दे. पण मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी, कुणीतरी हल्ली बोलेनासं झालं असेल. त्यांना काय हवंय ते आपल्याला ठाऊकच आहे, असं धरून चालू नका. आज जरा जाऊन बघा. जवळ बसा, विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी उठू नका.