पावलांचे कागद

बाबा गेल्यानंतरची नऊ दिवसांची प्रार्थना संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रॉटरडॅमहून म्हणून पाठवलेल्या आईच्या बुटाचा तळ सुटला. आत छाप होता, मारिकिना. म्हणजे मनिलाला खेटून असलेलं बुटांचं गाव! बाबा नऊ वर्षं जहाजावर होते आणि बंदराबंदरांतून आम्हाला खोकी पाठवत होते. आईनं माळ्यावरून एक जुनं खोकं काढलं. त्यावरची चिठ्ठी आम्ही कधी वाचलीच नव्हती, आत काय आलंय तेवढंच बघायचो. पाठवणारी, सोलेदाद अबूएग, एर्मिता, मनिला. नाव बाईचं, अक्षरही बाईचं.

आईनं देव्हाऱ्यातला बाबांचा फोटो उतरवून पालथा घातला. "ही कोण ते कळेपर्यंत चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना नाही, मेणबत्ती नाही. जा, शोध."

मी जात्याच संशयी. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तरी कारण विचारते. आमच्या गिंबाल गावाहून बोटीनं मनिला गाठलं. एर्मितातलं ते घर म्हणजे खलाशांचं जुनं बोर्डिंग निघालं. 'जुन्या घरांचा इतिहास लिहिते' अशी मी थाप मारली. मालकीण हीच ती सोलेदाद, सगळे तिला आलिंग चोलेंग, म्हणजे चोलेंगमावशी म्हणायचे; ऐंशीची, ओठ रंगवलेले. ते ओठ बघूनच माझं टाळकं सरकलं.

ती मात्र भडाभडा बोलत सुटली. "युद्धात घर जळलं, हा दगडी जिना तेवढा वाचला. सासऱ्यांनी त्याच्यावर लाकडी मजले चढवले. नवरा जहाजावर स्वयंपाकी. एकदा गेला तो गेलाच. मग मी खाटा टाकल्या. जहाज मिळेपर्यंत पोरं इथं राहतात. कुणी दोन महिने, कुणी चार..."

"कुणी नऊ वर्षं?" मी विचारलं.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "तू सेबियोची पोर, मिल्ड्रेड. डावा अंगठा बाहेर वळलेला. आणि तुझ्या आईचा उजवा पाय जरा मोठा."

"माझ्या आईचे पाय तुम्हाला कसे ठाऊक? लाज नाही वाटत?"

"आधी कॉफी पी, मग भांड."

तिनं कपाट उघडलं. आत नावानिशी बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. खलाशाच्या घरी सगळेच करतात ते, कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि माप पाठवून द्यायचं. आम्ही मनिलातल्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर पाठवायचो, तिथून बाबा ते घेऊन येत असणार. माझा सहाव्या वर्षीचा पाय सापडला. त्यावर माझंच वेडंवाकडं अक्षर होतं, 'बाबा, लाल'.

"जहाजावर घेण्याआधी डॉक्टरच्या तपासणीत दिव्यांचे रंग ओळखायचे असतात," आलिंग चोलेंग म्हणाली. "त्याला लाल आणि हिरवा सारखाच दिसायचा. दर वर्षी नापास. जहाज मिळालं म्हणून गावात आधीच सांगून बसलेला, परत कुठल्या तोंडानं जाणार? धक्क्यावर हमाली करायचा आणि जेवताना पोरांकडून रॉटरडॅम ऐकून घ्यायचा. तुझा लाल त्याला कळायचा नाही, म्हणून बूट मी आणायचे आणि खोकंही माझ्याच नावानं पाठवायचे."

"एवढंच? खरं सांगा."

"माझा नवरा जहाजावरून आला नाही, हा जहाजावर गेलाच नाही. एका टेबलावर जेवायचो आम्ही. अजून काय ऐकायचंय?"

माझा विश्वास बसला, आणि बसला म्हणून मला बाबांचा भयंकर राग आला. गावात न्हाव्याच्या दुकानात बसून समुद्रातल्या वादळांच्या गोष्टी सांगायचे! मी हमसून रडले. मग आईला फोन लावला.

"त्याची होती का ती?"

"नाही. घरमालकीण आहे."

"मग नऊ वर्षं तिच्या घरात काय करत होता?"

कागद माझ्या हातातच होता. "जहाजाची वाट बघत होते."

पलीकडे तिनं पंखा बंद केला.

"एकदाही नाही मिळालं?"

"नाही."

"गाढव कुठला. सांगायचं तरी." तिनं नाक शिंकरलं. "फोटो लावते. चाळिसाव्याला त्या बाईला घेऊन ये. आणि तिच्या पायाचं माप आजच कागदावर घेऊन ठेव."