धुकं चढतंय

आमच्या कड्यावर धुक्याचे दोन अर्थ आहेत. एक सगळ्यांचं धुकं, समुद्रावरून रोज येणारं. खाली मेंडोसिनोच्या किनाऱ्यावरची माणसं त्यात स्वेटर घालून शिंकत बसतात. ते दरी भरतं आणि आमच्या पायाशी थांबतं, म्हणून तर इथे द्राक्षं पिकतात. दुसरं धुकं दारूबंदीच्या काळातलं. सरकारी माणसांची गाडी घाट चढायला लागली की रस्त्यावरच्या पहिल्या घरातून सगळीकडे फोन जायचा, "धुकं चढतंय." की लगेच घरोघरी पिंपांची बुचं निघायची आणि वाइन ओढ्याला लागायची. गाडी उतरून गेली की पुन्हा फोन, "ऊन पडलं." तो कानावर पडेपर्यंत कोणी पेल्याला हात लावत नसे.

दारूबंदी उठून पंचेचाळीस वर्षं झाली. आता पाद्री येवो की विमावाला, कोणीही परकं दिसलं की आम्ही म्हणतो, धुकं चढतंय. थट्टा आपली. पण माझे सासरे ऑत्ताव्हियो, ज्यांना आम्ही सगळे पापा म्हणतो, ते अठ्ठ्याऐंशीचे आहेत, आणि कुठलं वर्ष चाललंय हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

त्या शनिवारी शहरातून हॉलिंगर नावाचा वाइनचा व्यापारी यायचा होता. माझ्या लेकीने, लिव्हियाने, पापांच्या जुन्या मळ्यातल्या द्राक्षांची पहिल्यांदाच घरची वाइन केली होती. दोन पिंपं, बस. एरवी आमची द्राक्षं ट्रकमध्ये भरून कारखान्याला जायची आणि तिथे कोणाकोणात मिसळायची देव जाणे. मळा पापांनी हाताला लागतील ती रोपं लावून केलेला, काळी-पांढरी सगळी जात एकाच ओळीत. आणि तो आता माझ्या धाकट्या दिराच्या, ग्वीदोच्या नावावर. त्याला वेली उपटून सुट्टीच्या बंगल्यांसाठी जमीन विकायची होती. सोमवारी बुलडोझर बोलावलेलाच होता. लिव्हियाने हातापाया पडून त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की व्यापाऱ्याने वाइन घेतली तर मळा राहील.

मी रश्श्यात ससा टाकत होते तेवढ्यात फोन वाजला. हात बरबटलेले. पापांनी उचलला, ऐकलं, ठेवला.

"कोण होतं हो?"

"कोणी नाही. चुकीचा नंबर," असं म्हणून ते टोपी घालून बाहेर गेले.

माझंच चुकलं. पापा पाच वर्षांत फोनजवळ फिरकले नव्हते आणि टोपी तर चर्चला जाताना सुद्धा घालत नव्हते. पण मी आपली रश्श्यात मीठ पुरेसं आहे का बघत राहिले.

अर्ध्या तासाने अंगणात हॉलिंगरची गाडी थांबली. मागोमाग ग्वीदोचा ट्रक; निकाल ऐकायला आली होती स्वारी. लिव्हिया ठेवणीतला झगा घालून धावत गेली, आणि पडवीच्या पायरीवरच थबकली. शेडच्या दारातून लाल ओहोळ येत होता. हॉलिंगरचे पिवळे बूट त्यात बुडाले होते. दारात पापा उभे, हातात लाकडी हातोडा.

"या, साहेब," पापा म्हणाले. "शोधा. थेंब सापडला तर नाव बदलेन."

दोन्ही पिंपं रिकामी. लिव्हिया चिखलात मटकन बसली. "नोन्नो," ती आजोबांवर ओरडली, "काय केलंत हे! काय केलंत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत जाऊन मी फोन फिरवला. खालची, रस्त्यावरच्या पहिल्या घरातली माफाल्दा. "तू मघाशी काय सांगितलंस गं, भवाने?"

"मी? अगं, शहराची गाडी दिसली, म्हटलं थट्टा करू. धुकं चढतंय म्हटलं. का गं? आवडला का पाहुण्याला ससा?"

मी फोन आदळला. बाहेर ग्वीदो हसत होता, हो, हसत. "झालं ना? म्हाताऱ्यानेच निकाल लावला. मी सांगतच होतो, या मळ्यात राम उरला नाही."

तो पुढे बोलणार तोच पापांनी त्याची कॉलर धरली. केवढा थोरला ग्वीदो, मानेपासून कमरेपर्यंत एकच माप, पण बापाच्या हातात गप्प झाला.

"तू इथे उभा काय राहिलास? आत जा. पलंगावर. ताप आलाय तुला."

"पापा, मी..."

"चल म्हणतो ना! ते घरात शिरतील आता!"

ग्वीदोचा चेहरा पांढरा झाला. मला कळेना. पण तो गेला. निमूट, मागच्या खोलीत, लहानपणीच्या त्या अरुंद पलंगावर जाऊन आडवा झाला. पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते. पापांनी फडकं भिजवून त्याच्या कपाळावर ठेवलं.

"खोक. मोठ्याने."

ग्वीदो खोकला. मग पुन्हा खोकला, आणि मग ते खोकणं राहिलं नाही. हुंदके होते ते. पापा त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. "शहाणं माझं पोर. जातील हं ते. जातील."

हॉलिंगर दारात टोपी हातात धरून उभा होता. त्याला काय समजलं असेल देवाला ठाऊक, पण तो हलला नाही.

ग्वीदो फडक्याआडून मला म्हणाला, "वहिनी, माफाल्दाला फोन कर. दुसरा निरोप द्यायला सांग. पापांनाच दे म्हणावं."

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पळाले.

फोन वाजला. पापांनी उचलला. माफाल्दाचा आवाज मला सुद्धा ऐकू आला, रडवेला झालेला. "ऊन पडलं, ऑत्ताव्हियो. ऊन पडलं."

पापांनी टोपी काढली. खोलीत जाऊन पलंगाखाली हात घातला, आणि ग्वीदोच्या पाठीखालून, धुळीतून, वेताच्या आवरणातला एक काचेचा बुधला ओढला. पाच-सहा बाटल्यांचा असेल. बूच ताजं होतं. बुचाभोवतीचा ओघळ अजून वाळला नव्हता.

"सगळी कधी ओतायची असते का?" ते आम्हाला रागावले. "वेडे आहात का तुम्ही?"

पहिला पेला त्यांनी ग्वीदोला दिला. दारूबंदीत झडतीच्या वेळी ज्या पोराला तापाचं सोंग देऊन पलंगावर निजवायचे आणि खाली बुधला लपवायचे, त्याला पहिला पेला, असा रिवाजच होता. दुसरा हॉलिंगरला द्यायला ते तयार होईनात; लिव्हिया म्हणाली, "नोन्नो, आपलाच आहे तो," तेव्हा दिला.

हॉलिंगर बराच वेळ प्यायला नाही, नुसता वास घेत राहिला. मग प्यायला. "आणखी किती आहे?"

"एवढीच," लिव्हिया म्हणाली. तिचा झगा गुडघ्यापर्यंत लाल झाला होता.

"मग मी विकत काय घेऊ, बाई?" तो खिन्नपणे म्हणाला. "पुढच्या वर्षी करणार असाल तर मला कळवा."

पुढच्या वर्षी. सोमवार तर परवावर आला होता. वाइन घेतली तर मळा राहील, असं ठरलं होतं, आणि वाइन काही घेतली गेली नव्हती. शब्द म्हणजे शब्द; ग्वीदोला कोण काय म्हणणार?

ग्वीदो पलंगाच्या कडेला बसला होता. कपाळावरचं फडकं अजून तसंच. त्याने पेला पालथा करून शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि फोनपाशी जाऊन बुलडोझरवाल्या रेचा नंबर फिरवला.

"रे? मी ग्वीदो बोलतोय. सोमवारी बुलडोझर आणू नकोस," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ग्वीदोने खिडकीबाहेर पाहिलं. वेलींवर लख्ख ऊन होतं.

"नाही रे," तो म्हणाला. "वर फार धुकं आहे."