दुसऱ्या अल्बमचा वेग

रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंचा फोन आला तेव्हाच मी सांगून टाकलं होतं, की बाई, मी आता लिहीत नाही. डोळे गेले, मान गेली, आणि उत्साह तर त्या दोघांच्या आधीच गेला. पण त्या ऐकेनात. एका जुन्या बँडचे पाचही अल्बम मूळ टेपांवरून साफसूफ करून एका पेटीत निघणार होते आणि सोबतच्या पुस्तिकेत एक लांबलचक लेख हवा होता. कुठला अल्बम कसा, या चौघांनी मागे काय ठेवलं, आजच्या मुलांवर त्यांचा प्रभाव किती, वगैरे.

"तुमच्याशिवाय कोण लिहिणार, सर? 'थकलेली लय' हा शब्दच तुमचा!"

झालं. तिथेच मी विरघळलो. स्तुतीला भुलायचं वय गेलं म्हणतात, ते साफ खोटं आहे.

तो शब्द माझाच. तीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकात संगीतावर लिहायचो आणि या बँडच्या दुसऱ्या अल्बमचं परीक्षण माझ्याकडे आलं होतं. मी लिहिलं, की ही गाणी दमून घरी परतणाऱ्या माणसासारखी पाय ओढत चालतात. गायकाचा आवाज खोल झालाय, त्याला वय आलंय, वा! पण ड्रमर मात्र प्रत्येक ठोक्याला मागे राहतो, सगळ्या बँडला तो लोढण्यासारखा लटकलाय. नाव घेऊन लिहिलं होतं. महिन्याभरात त्या ड्रमरला बँडमधून काढलं. मला त्याचं फारसं वाईट वाटल्याचं आठवत नाही. उलट, आपण लिहिलेलं लोक वाचतात याचा आनंदच झाला असावा.

पुढे दहाएक वर्षांनी नवी पोरं आली, हळूहळू, खालच्या पट्टीत, पाय ओढत वाजवणारी. आम्ही त्यांना 'हळूवाले' म्हणायचो. आमचा उगम त्या दुसऱ्या अल्बममध्ये आहे, असं ती पोरं जिथे तिथे सांगायची. आणि त्या उगमाला नाव कुणी दिलं? अस्मादिकांनी. त्या दोन शब्दांवर मी भाषणं दिली, परिषदांना गेलो, एक पुस्तक काढलं. खरं सांगायचं तर आयुष्यभर तेवढंच विकलं.

तर पेटी आली. मी क्रमाने ऐकायला बसलो. पहिला अल्बम कच्चा, पण जिवंत. गिटार कुठेकुठे सुरात नाही, पण चार पोरांना काहीतरी सांगायचंय आणि ते एकाच वेळी सांगायचंय, हे कळतं. तो मी पूर्वी ऐकलेलाच नव्हता, दुसऱ्याचं परीक्षण लिहिताना तर नाहीच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मग दुसरा लावला आणि दोनच मिनिटांत बंद केला. कंपनीला फोन करून म्हणालो, "अहो, वेग वाढवलाय तुम्ही याचा. असं करू नये, जुन्या कामाचा काही मान ठेवा."

"नाही हो, सर," बाई म्हणाल्या. "मूळ टेपवर आहे तसंच आहे. आम्ही दोनदा तपासलंय."

मी माळ्यावरची खोकी काढली. परीक्षणासाठी आलेली तीच कॅसेट, माझ्याच अक्षरात तारीख घातलेली. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. तो मी आजही जिवापाड जपतो, दरवर्षी उघडून साफ करतो. गाणं सुरू झालं. पळत होतं! गायकाचा आवाज पहिल्या अल्बमसारखाच कोवळा, आणि ड्रमर असा काही वाजवत होता की मी, साठी उलटलेला माणूस, मान हलवायला लागलो. तीच कॅसेट, तीच गाणी. मला काही उमजेना.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "ते परीक्षण लिहिलंस तेव्हा हा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला नव्हता का? तू माझ्या धाकट्या बहिणीची मशीन आणली होतीस."

"बरं मग?"

"अरे, त्या मशीनचा डावा कप्पा बिघडलेला होता. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. त्यात लहान मुलीचं गाणं लावलं तरी जाडी बाई गातेय असं वाटायचं. आम्ही किती हसायचो!"

मी काही हसलो नाही. मेव्हणीला फोन लावला. तिची मशीन दोन कॅसेटवाली होती, डाव्या कप्प्यात वाजवायचं आणि उजव्या कप्प्यात उतरवून घ्यायचं. तेव्हा ती कॉलेजच्या हॉस्टेलात राहायची.

"भाऊजी, विसरलात? मशीन परत देताना ती कॅसेटही तुम्ही मला आठवडाभर दिली होतीत," ती म्हणाली. "दुकानातून तर ती गायबच झाली होती, तुमच्या परीक्षणाच्या कृपेने! मी चाळीसेक तरी प्रती काढल्या असतील. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. अख्ख्या हॉस्टेलात वाजायच्या. त्यातल्याच काहींनी पुढे बँड काढले."

"डाव्या कप्प्यातूनच काढल्यास?"

"मग? डाव्यातूनच वाजायचं ना. का हो?"

म्हणजे सैल पट्ट्यावरचं ते ओढलेलं गाणं उजव्या कप्प्यात कायमचं उतरलं, आणि पोरांनी तेच खरं धरून वाजवलं. मी फोन ठेवला. आता बाकीचे अल्बम ऐकायची गरजच नव्हती, तरी ऐकले. तिसऱ्यात नवा ड्रमर मुद्दाम मागे मागे राहतो आणि गायक घसा खरवडून खोल आवाज काढतो. चौथ्यात त्याचा घसा बसलेलाच आहे. पाचव्यात चौघेही आपण होतो कोण हे शोधतायत आणि सापडत नाहीये. माझा एक परिच्छेद खरा करायला बिचाऱ्यांनी तीन अल्बम घालवले. हा प्रभाव! एका रबरी पट्ट्याचा आणि एका गाढवाचा.

लेख तर द्यायचा होता. झाकली मूठ ठेवावी, असं मनात आलं नाही म्हणणार नाही. कुणाला कळणार होतं? पण तो ड्रमर जिवंत होता. कंपनीने त्याला पेटी पाठवली होती, त्याचा पत्ता बाईंनी दिला. मी गेलो. खरं कारण सांगतो. मला वाटत होतं, तो म्हणेल, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट," आणि मी मोकळा होईन.

त्याचं पडद्यांचं दुकान होतं. पुढे कापडाचे गठ्ठे, दांड्या, कड्या. मागच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तो शिडीवर चढून नमुन्याची दांडी बसवत होता. पोट सुटलेलं, चष्मा दोरीला. मी माझं नाव सांगितलं. तो शिडीवरून सावकाश खाली उतरला.

"बसा," तो म्हणाला. "ओळखतो तुम्हाला. न ओळखून कसं चालेल?"

मी सगळं सांगितलं. मशीन, पट्टा, हॉस्टेल. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलवलं नसतं. तो हातातल्या कड्या एकीत एक अडकवत ऐकत होता.

"म्हणजे मी हळू नव्हतो," तो म्हणाला.

"अजिबात नव्हता."

"मी माझी कॅसेट घरी लावून बघितली होती. मला बरोबर वाटली. पण आपलं आपल्याला बरोबरच वाटतं ना? मग ठेका मोजायचं घड्याळ आणलं. त्याच्यावर रोज वाजवायचो, दोन वर्षं. रोज बरोबर यायचं. शेवटी वाटायला लागलं, घड्याळच बिघडलेलं असणार. कारण तुमचं तर छापून आलं होतं."

"बाकीच्या तिघांना कान नव्हते का?" मी जरा चिडूनच म्हणालो. राग माझ्यावरच होता, निघाला त्यांच्यावर.

"होते की! पण तुम्ही गायकाच्या आवाजाचं कौतुक केलं होतं. आता अर्धा लेख खरा आणि अर्धा खोटा, असं कसं धरणार? त्याने पूर्णच खरा धरला." तो किंचित हसला. "ड्रम मी एका शाळेला देऊन टाकले. नंतर कधी हात लावला नाही. जाऊ द्या. आता काय त्याचं!"

हेच ऐकायला मी आलो होतो. ऐकलं आणि उठायला लागलो, देवाशपथ, बरं वाटत होतं. तेवढ्यात मागची शिलाई मशीन थांबली आणि त्याची बायको बाहेर आली. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री.

"जाऊ द्या काय?" ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हे तेव्हा रात्ररात्र मांडीवर बोटं आपटत बसायचे. मी म्हणायचे, अहो, तुम्ही बरोबर वाजवता, मला ऐकू येतंय. तर हे म्हणायचे, तुला काय कळतं, तू काय पेपरात लिहितेस? माझं नाही ऐकलं, तुमचं ऐकलं. आणि आता तुम्ही इथे येऊन कानात सांगून जाणार? तेव्हा गावभर छापलंत ना? मग आता छापूनच सांगा!"

"अगं, यांचं नाव जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे! तुमचं गेलं तेव्हा हे आले होते का विचारायला?"

तिने मापं लिहायची वही माझ्यासमोर आपटली, पेन्सिल ठेवली आणि उभी राहिली. थकवा काय असतो ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्या शब्दावर जगलो, पण तो असा हातापायांत कधी उतरला नव्हता. मी लिहायला लागलो. तीस वर्षांपूर्वी मी जे लिहिलं ते चूक होतं. मशीन बिघडलेली होती आणि मी ती तपासली नाही. थकलेली लय नावाची गोष्ट दुसऱ्या अल्बममध्ये नाहीच. या अल्बमवर ड्रमर चोख वाजवतो, आणि पाचही अल्बम ऐकले तर वेळेवर असलेला माणूस तोच एक आहे. असं पानभर झालं. मोठ्याने वाचून दाखवलं. त्याच्या बायकोने पदराने नाक पुसलं.

"थांबा," तो म्हणाला. कड्या त्याने बाजूला ठेवल्या होत्या. "एवढं चोख नाहीये ते. तिसरं गाणं आहे ना, त्याच्या शेवटी मी पळालोय. घाई झाली होती मला. तेही लिहा."

"कशाला? मला तर जाणवलंही नाही. कुणाच्याच लक्षात येणार नाही."

"माझ्या लक्षात आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं वाट बघितली हो, कुणीतरी माझी खरी चूक दाखवेल म्हणून."

मी पेन्सिल उचलली आणि तेही लिहिलं.